पॅनल स्पीकरला अॅम्प कुठला? आधी विचारा, चार ओहमला काय देतो

मागच्या अंकात पॅनल स्पीकरवर थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे पेटी नाही, कोन नाही, एक पातळ पडदा हलवून आवाज काढणारे ते उंच चपटे स्पीकर, आणि त्यानंतर सोलापूर आणि आसपासहून जे प्रश्न आले ते जवळजवळ सगळे एकाच गोष्टीवर, की ह्याला अॅम्प, म्हणजे अॅम्प्लिफायर, कुठला लावायचा. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय पण बाकीच्यांनी पण ते वाचा, कारण पुढची बरीचशी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न: सर, मी मॅग्नेपॅन कंपनीचे एलआरएस हे पॅनल स्पीकर घेतलेत. घरात आधीपासून ५.१ चा रिसीव्हर आहे, डब्यावर ९० वॉट लिहिलंय, त्यालाच जोडले. हळू आवाजात गाणं छान वाटतं पण पातळ वाटतं, आणि आवाज वाढवला की तबल्याच्या एखाद्या जोरदार ठोक्याला रिसीव्हर बंदच पडतो आणि प्रोटेक्ट दाखवतो. मित्र म्हणतो २५ वॉटचं ट्यूब अॅम्प घे बास होईल, दुकानदार म्हणतो ५०० वॉटच्या खाली विचारच करू नको. खोली १२ बाय १६ ची, खाली शहाबादी फरशी. कुणाचं ऐकू? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: दादा, दोघांचंही नको, आधी आपण गणित करू, अवघड नाहीये.

एलआरएसची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्ट दिल्यावर किती आवाज काढतो ते, कंपनी ८६ डीबी (आवाजाचं माप) सांगते, पण ती २.८३ व्होल्टला. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते, जेवढे कमी ओहम तेवढा जास्त करंट. आता २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला बरोब्बर १ वॉट, पण तुमचा स्पीकर ४ ओहमचा, त्याला तेच व्होल्ट दिले की २ वॉट जातात. म्हणजे एका वॉटला खरा आकडा ८३. नेहमीचा उभा पेटीवाला स्पीकर ८८ ते ९० चा असतो. ९० वाला धरला तर फरक ७ डीबी, आणि ७ डीबी म्हणजे पाचपट पॉवर. जो आवाज त्या पेटीवाल्याला २० वॉटमध्ये मिळतो त्याला इथं १०० लागणार. पॅनलवाले लोक सारखं पॉवर पॉवर करतात ना, त्याचं कारण एवढंच.

पुढं बघा. तुम्ही साधारण ३ मीटरवर बसणार. अंतराने आवाज कमी होतो, दोन स्पीकर असल्यामुळं थोडा परत मिळतो, आणि उंच पॅनलचा आवाज अंतराबरोबर छोट्या स्पीकरएवढा पटकन पडत नाही, हे सगळं धरून तुमच्या खुर्चीवर १ वॉटला ८० डीबीच्या आसपास पोचतील असं समजा. १० डीबी वाढवायला दहापट पॉवर लागते, म्हणजे १० वॉटला ९० आणि १०० वॉटला १००. घरात बऱ्यापैकी मोकळ्या आवाजात ऐकलं तर सरासरी ८० च्या आसपास असते, पण तबल्याची थाप, पखवाजाचा धा, हे क्षणभरासाठी सरासरीच्या १५ ते २० डीबी वर उडी मारतात. म्हणजे गाणं चालू असताना बहुतेक वेळ तुम्ही एक-दोन वॉटच वापरताय, पण त्या एका ठोक्याला शंभर लागतात, आणि तिथंच तुमचा रिसीव्हर मान टाकतोय.

आता ९० वॉट असून का टाकतो? तो ९० चा आकडा ८ ओहमवरचा असतो, कधीकधी तर ६ ओहमवरचा आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर मोजलेला. ४ ओहमला तेवढ्याच व्होल्टला दुप्पट करंट द्यावा लागतो. पाच-सात चॅनल एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालवणाऱ्या रिसीव्हरची तेवढी तयारी नसते, तो तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. आणि एक, मेनूमध्ये ४ ओहमची सेटिंग असते ती लावली की प्रश्न सुटला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बहुतेक रिसीव्हरमध्ये ती सेटिंग आतले व्होल्ट कमी करते, म्हणजे तापणं थांबतं पण पॉवर अजून कमी होते, दुखणं तिथंच राहतं.

म्हणून दुकानात गेल्यावर वॉट किती हे विचारूच नका. विचारा ८ ओहमला किती आणि ४ ओहमला किती. ८ ला १०० आणि ४ ला १८०-२०० देत असेल तर पॉवर सप्लाय दमदार आहे. ८ ला १०० आणि ४ ला १२० असेल तर नमस्कार करून बाहेर या. आणि ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल तर तेच उत्तर समजा.

तुमच्यासाठी चांगली बातमी पण आहे. मॅग्नेपॅनचा लोड, म्हणजे अॅम्पला जे ओढावं लागतं ते, त्रास देणारा नाही. मायलारच्या, म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या, पडद्यावर तार किंवा धातूची पातळ पट्टी चिकटवलेली आणि मागे चुंबकं, ती लांबलचक असल्यामुळं तो अॅम्पला जवळजवळ साधा रेझिस्टर वाटतो, खाली बेसपासून वर ट्रेबलपर्यंत ४ च्या आसपासच. पेटीवाल्या स्पीकरसारखं एका ठिकाणी ३० ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ३, आणि वर फेज पण फिरलेली, म्हणजे व्होल्ट आणि करंट एकत्र न चालणारे, असला प्रकार नाही. तेव्हा ५०० वॉटचं धूड नको, ४ ओहमला १५० ते २५० वॉट प्रामाणिकपणे देणारं दोन चॅनलचं पॉवर अॅम्प घ्या, तुमच्या खोलीला ते भरपूर होतंय. ट्यूबचं २५ वॉट त्याच्या ४ ओहमच्या टॅपवर लावलं तर रात्री हळू आवाजात गोड वाजेल यात शंका नाही, पण गणितानं ते ९४ डीबीला संपतं, मग तबला दाबला जाणार. तुम्ही तबल्याचंच लिहिलंय म्हणून मी नको म्हणतोय.

माझं मत विचाराल तर सोलापूरच्या हवेत आणि या स्पीकरसाठी आजचं चांगलं क्लास डी, म्हणजे आउटपुट फार वेगानं चालू-बंद करून वीज वाचवणारं, अॅम्पच घ्यावं. पूर्वीच्या क्लास डीला लोक नावं ठेवायचे ते उगाच नाही, त्याचा आउटपुट फिल्टर स्पीकरच्या लोडप्रमाणे ट्रेबल वरखाली करायचा. हायपेक्स आणि प्युरिफाय या अॅम्पचे तयार मॉड्यूल बनवणाऱ्या कंपन्या, त्यांच्यात फीडबॅक (चूक सुधारायला परत घेतलेला सिग्नल) त्या फिल्टरच्या नंतर घेतलेला असतो त्यामुळं लोड काहीही असला तरी आवाज तोच राहतो. हायपेक्सचं एनसी२५२एमपी मॉड्यूल ४ ओहमला चॅनलमागे २५० वॉटचं आहे आणि तुम्हाला नेमकं तेवढंच पाहिजे. वीज फुकट जात नाही, मे महिन्यात पण नुसतं कोमट राहतं.

रिसीव्हर मात्र विकू नका. मागे प्री-आउट लिहिलेली भोकं आहेत का बघा, असतील तर तिथून पॉवर अॅम्पला वायर टाका, आवाज कमीजास्त करणं आणि सिनेमा सगळं पहिल्यासारखं चालतं, फक्त पॅनल ओढण्याचं काम नव्या अॅम्पकडं जातं. अर्धा खर्च वाचला.

आणि हे सगळं करायच्या आधी एक रविवार द्या आणि स्पीकर भिंतीपासून पुढं ओढा. पॅनल पुढं जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागं फेकतो, उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढं हवा ढकलली की मागं ओढतो. भिंतीला चिकटवला की मागचा आवाज लगेच परत येऊन पुढच्यात मिसळतो आणि मधला सगळा भाग चिखल होतो. निदान ३ फूट, जमलं तर ४, आणि दोन्ही थोडे तुमच्याकडे वळवून. तुम्हाला जे पातळ वाटतंय त्यातलं किती अॅम्पचं आणि किती जागेचं हे त्याशिवाय कळणारच नाही. तरी एक लक्षात असू द्या, हा स्पीकर ५० हर्ट्झपर्यंतचाच आहे, कंपनीच तसं सांगते. त्याच्या खालचं कुठलाच अॅम्प काढून देणार नाही.

प्रश्न: मागच्या भिंतीवर आपली सोलापुरी चादर लावली तर आवाज सुधारेल का? घरचाच माल आहे, पाहिजे तेवढ्या मिळतील. (वाचक, अशोक चौक)

उत्तर: लावा, पण मागे नको. एक चादर भिंतीला सपाट लावली तर ती फक्त वरचा ट्रेबल खाते, खालच्या आवाजाला तिचा काही फरक पडत नाही, आणि पॅनलच्या मागून येणारा ट्रेबलच खाल्ला तर त्यातली जी मोकळी हवा असते, ज्यासाठी आपण पॅनल घेतो, तीच जाते. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट चांगलं, आवाज विखुरतो. तुमच्याकडं माल भरपूर आहे तर तुम्ही बसता त्याच्या मागच्या भिंतीवर चुण्या घालून दुहेरी सोडा, भिंतीपासून चार-सहा इंच पुढं, आणि स्पीकर ते खुर्ची या मधल्या फरशीवर जाड सतरंजी टाका. आपल्याकडच्या घरातली शहाबादी फार आवाज परत फेकते, टाळी वाजवून बघा की, लगेच समजतं.

प्रश्न: मला जुने क्वाड ईएसएल ५७ ची जोडी मिळतीय. माझ्याकडं २०० वॉटचं ट्रान्झिस्टर अॅम्प आहे, त्यावर मस्त उडतील ना? आमचं घर कारखान्याला लागून आहे, वरच्या मजल्यावर, खाली माग चालू असतात. (वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर: थांबा, तुमचं ते अॅम्प त्याला लावू नका. वर जे उत्तर दिलं त्याच्या बरोबर उलट इथं लागू होतं.

मॅग्नेपॅन आणि क्वाड दोन्ही दिसायला पॅनल पण आत वेगळी जात. क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक आहे, दोन जाळ्यांच्या मध्ये विजेचा भार दिलेला अतिशय पातळ पडदा, आणि गाण्याचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने वाढवून त्या जाळ्यांना दिलेला. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी हा स्पीकर १९५७ साली बाजारात आणला तेव्हा त्याच्याबरोबर क्वाडचंच क्वाड टू हे ट्यूब अॅम्प चालायचं, फक्त १५ वॉटचं. स्पीकरची मर्यादा आहे ३३ व्होल्ट पीक. तुमचं २०० वॉटचं अॅम्प ८ ओहमच्या हिशोबानं ५६ व्होल्ट पीकपर्यंत जातं. कुणी चुकून व्हॉल्यूम फिरवला, एखादी पिन काढताना फट्ट झालं, की ट्रेबलच्या पॅनलमध्ये ठिणगी पडते आणि पडद्याला भोक. हे पॅनल दुरुस्त होतात पण त्याचे कारागीर फार थोडे.

दुसरी गोष्ट त्याचा लोड. इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणजे अॅम्पच्या नजरेत एक मोठा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग. खाली बेसला ३० ओहमच्या पुढं आणि वर ट्रेबलला उतरत उतरत २ च्या आसपास. काही अॅम्प असल्या लोडवर अस्थिर होतात, गरम होतात, आपल्याला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच थरथरायला लागतात. म्हणून अॅम्प निवडताना इथं वॉट बघायचेच नाहीत, कपॅसिटिव्ह लोडला स्थिर राहतो का हे बघायचं. १५ ते ३० वॉटचं चांगलं पुशपुल (जोडीनं काम करणाऱ्या ट्यूबचं) ट्यूब अॅम्प त्याला आजही शोभतं. फार जास्त आउटपुट इम्पीडन्सचं, म्हणजे अॅम्पच्या स्वतःच्या आतच जास्त अडथळा असलेलं, सिंगल एंडेड (एकाच बाजूनं काम करणारं) घेतलं तर वरचा आवाज दबतो, कारण तिथं स्पीकर २ ओहमला आलेला असतो आणि व्होल्ट अॅम्पमध्येच अडकतात. ट्रान्झिस्टरच पाहिजे असेल तर ज्याचे व्होल्टच ३३ च्या खाली संपतात असं घ्या, त्याच कंपनीचं क्वाड ३०३ लोक त्यासाठीच शोधत असतात, आणि घ्यायच्या आधी त्याचे जुने कपॅसिटर बदललेत का ते विचारा.

आता मागाचं. इथं मला मनापासून काळजी वाटते. या स्पीकरच्या बेस पॅनलला ६००० व्होल्टचा भार असतो आणि भारलेला पडदा हवेतला बारीक तूस ओढून घेतो. पुढंमागं पातळ फिल्मची धूळरोधक झाकणं असतात, ती एक जरी फाटलेली असली तरी तुमच्या घरात ती जोडी वर्ष-दोन वर्षात करकरायला लागेल. घेताना झाकणं शाबूत आहेत का बघा, तास-दीड तास चालू ठेवून अंधारात शांत बसा, टिकटिक किंवा सूं असा आवाज येतो का ऐका, दोन्ही बाजू सारख्याच जोरात वाजतात का बघा. आपली कोरडी हवा या स्पीकरला तशी मानवते, दमट गावात त्यांचे जास्त हाल होतात. पण तूस म्हणजे तूस. वाजत नसताना वर चादर टाकून ठेवा. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका, बटण बंद केल्यावर पण आत भार राहतो. हे कुणाही हौशी इलेक्ट्रिशियनला पण सांगून ठेवा.

मला विचाराल तर मागांच्या वर राहून ५७ घेऊ नये. गावात दुसरं घर असेल, तिथं ठेवणार असाल तर जरूर घ्या, माणसाचा आवाज इतका खरा वाजवणारे स्पीकर फार कमी आहेत.

प्रश्न: माझ्याकडं स्टिरिओ अॅम्प आहे, ८ ओहमला ६० वॉट. अजून एक तसंच घेऊन दोन्ही ब्रिज केले, म्हणजे प्रत्येकाचे दोन्ही चॅनल मिळून एकेक स्पीकर चालवला, तर मॅग्नेपॅनला २०० च्या वर मिळतील का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर: कागदावर मिळतील. पण ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला स्पीकरचा अर्धाच ओहम दिसतो, म्हणजे ४ चा २. तुझं अॅम्प २ ओहमला चालतं असं कंपनीनं लिहून दिलंय का? बहुतेक नाही. बहुतेक अॅम्पवर मागे लिहिलेलंच असतं की ब्रिजमध्ये किमान ८ ओहम. नको करू. तोच पैसा साठव आणि ४ ओहमला नीट चालणारं एकच घे.

प्रश्न: आमचे हे क्लास ए अॅम्प घ्यायचं म्हणतायत, ३० वॉटचंच आहे पण किंमत ऐकून मला धडकी भरली, आणि ते म्हणे हीटरसारखं तापतं. हॉलला पश्चिमेची खिडकी, एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली पण बसवत नाही. स्पीकर मॅग्नेपॅनचे १.७आय आहेत. लाइट बिल किती वाढेल? आणि स्टॅबिलायझर लागेल का? (गृहिणी, होटगी रोड)

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, हा प्रश्न घेणाऱ्यानं विचारायला पाहिजे.

क्लास ए अॅम्प गाणं चालू असो नसो सारखीच वीज ओढतं, नुसतं चालू ठेवलं तरी. दोन चॅनलचं ३० वॉटचं खरंखुरं क्लास ए निदान दीडशे ते दोनशे वॉट सतत घेणार. २०० धरा, रोज चार तास, महिन्याला २४ युनिट झाले. बिलाचं म्हणाल तर हे फार नाही. पण ते २०० वॉट उष्णता होऊन तुमच्याच हॉलमध्ये पडतात, बाहेर ४२-४३ असताना, मग एसी तेवढा जास्त चालणार. आणि अॅम्पच्या आतले कपॅसिटर उष्णतेनं लवकर म्हातारे होतात. बंद कपाटात तर ते कधीच ठेवू देऊ नका.

त्यापेक्षा मोठी अडचण ही की १.७आय ला ३० वॉट पुरतच नाहीत. पहिल्या उत्तरातलं गणित त्यांना दाखवा. हा स्पीकर पण ४ ओहमचा आणि एलआरएसएवढीच भूक असलेला, हॉल मोठा असेल तर जास्तच. अपुरं पडणारं अॅम्प जोरात वाजवलं की सिग्नलची टोकं कापली जातात आणि त्याचा मार ट्रेबलच्या भागाला बसतो. मॅग्नेपॅनमध्ये त्यासाठी फ्यूज असतो, तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घालायला कुणाला देऊ नका. यजमानांना क्लास एचा गोडवाच पाहिजे असेल तर सुरुवातीचे थोडे वॉट क्लास एमध्ये आणि पुढं क्लास एबीमध्ये जाणारी दणकट अॅम्प मिळतात, ४ ओहमला २००-३०० देणारी, ती ऐकायला सांगा. दोघांचं समाधान होईल.

स्पीकरबद्दल एक न विचारलेलं सांगतो. त्या पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पॅनलवर पडत असेल तर आजच जाड पडदा लावा. आत पडद्यावर तारा किंवा पट्ट्या गोंदानं चिकटवलेल्या असतात, ऊन आणि उष्णतेनं जुन्या मॅग्नेपॅनच्या तारा सुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत, मग तो स्पीकर फरफरतो. आणि घरात लहान मुलं असतील तर टाचणी, पिना यांच्यापासून लांब ठेवा, आत चुंबकं आहेत, ओढून घेतात.

स्टॅबिलायझरचं असं, आधी इलेक्ट्रिशियनकडून संध्याकाळी आणि रात्री व्होल्टेज मोजून घ्या. २१० ते २४५ मध्ये राहत असेल तर काही लावू नका, उगाच मध्ये एक बारीक नळी कशाला. १८० ला उतरत असेल किंवा २६० ला चढत असेल तर सर्व्हो टाइपचा घ्या, अॅम्पच्या कमाल गरजेच्या दुप्पट क्षमतेचा. चौकोनी वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर अॅम्प चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. आणि अर्थिंग तपासा, खरं अर्थिंग, नुसती तीन पिनची सॉकेट नव्हे. घरात हम येण्याच्या तक्रारींचं मूळ मला तरी बहुतेक वेळा तिथंच सापडलंय. अॅम्प परदेशातून कुणी आणत असेल तर २३० व्होल्टचंच आहे ना ते आधी बघा, अमेरिकेतलं १२० वालं इथं लावलं की गेलंच.

प्रश्न: पॅनलबरोबर सबवूफर जुळत नाही म्हणतात, खरं का? (वाचक, बार्शी)

उत्तर: जुळतो, पण हळू आणि कमी. सील्ड बॉक्सचा घ्या, भोकवाला नको. आणि नुसता सब जोडून थांबू नका, पॅनलला जाणाऱ्या सिग्नलला ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास, म्हणजे त्याच्या खालचा बेस अडवणारा फिल्टर, लावा. मोठे हेलकावे देणारा बेस सबकडं गेला की पॅनल मोकळा होतो आणि तुमचं आहे तेच अॅम्प एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. रिसीव्हर असेल तर त्यात ही सोय असते, स्पीकर स्मॉल सेट करा. नवीन अॅम्प घेण्याआधी हे करून बघण्यासारखं आहे.

प्रश्न: केबल कितीची घेऊ? (तेच वाचक)

उत्तर: इलेक्ट्रिकच्या दुकानातली शुद्ध तांब्याची २.५ स्क्वेअर एमएमची वायर. पाच मीटरला जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात, ४ ओहमपुढं ते काहीच नाही. त्याच्या पुढं लांबी असेल तर ४ स्क्वेअर एमएमची. दोन्ही स्पीकरला सारखीच लांबी ठेवा, आणि लाल-काळा उलटा होऊ देऊ नका, पॅनलमध्ये एक उलटा लागला तर बेस गायब होतो आणि माणूस महिनाभर अॅम्पला दोष देत बसतो.